बारा फोन

यंदा प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या इथल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तीन संध्याकाळची तपसाधना झाली. इथे सगळे तिला रिट्रीटच म्हणतात. आधीच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर फादरांनी स्वयंसेवक मागितले आणि मी नेमकी दाराजवळ उभी होते. हातात बारा नावांची यादी पडली. ही माणसं पूर्वी दर रविवारी यायची, आता दिसत नाहीत, त्यांना फोन करून बोलवायचं. "आग्रह नको, पण बोलवा," एवढीच सूचना.

देश सोडून आल्यापासून मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल, तर परक्या भाषेत फोनवर बोलणं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. तो खरंच 'हो' म्हणाला की 'बघू' म्हणून टाळलं, हे ओळखता येत नाही. त्यात विषय श्रद्धेचा! म्हणून मी आधी कागदावर चांगलं भाषण लिहून काढलं. श्रद्धा निखाऱ्यासारखी असते, राख साचली की फुंकर घालावी लागते, वगैरे वगैरे. पहिल्या फोनवर ते वाचून दाखवलं. पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. दुसऱ्या बाईंनी आभारही मानले नाहीत. मी कागद फाडला.

तिसरा फोन एका वयस्कर गृहस्थांना होता. भाषण उरलंच नव्हतं, म्हणून नुसतंच विचारलं, "तुम्ही याल का?" ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यायला काय, येईन. पण शेवटच्या दिवशी कन्फेशन असतं ना? ते कसं करायचं, तेच मी विसरलोय." कन्फेशन म्हणजे धर्मगुरूंपाशी आपली पापं सांगून क्षमा मागणं.

माझी समजूत अशी होती की देवळात न येणाऱ्यांची श्रद्धा तरी उडालेली असते किंवा त्यांचा चर्चवर राग तरी असतो. राग असणारी एक व्यक्ती यादीत होतीच. तिला जे सोसावं लागलं होतं ते ऐकल्यावर मी बोलावण्याचा विषयही काढला नाही, फक्त ऐकलं. पण बाकीच्या बहुतेकांशी बोलताना फिरून फिरून एकच गोष्ट पुढे येत गेली, आणि ती म्हणजे लाज. इतकी वर्षं झाली, आता कुठल्या तोंडाने जायचं? लोक काय म्हणतील? उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, हेही आता नीट आठवत नाही.

हे मला ओळखीचं होतं, कारण इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी स्वतः कन्फेशनला गेले नव्हते. मिस्साचं तसं अडत नाही. क्रम जगभर तोच, त्यामुळे शब्द कळले नाहीत तरी आपण कुठे आहोत ते कळतं. (1963 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लॅटिनखेरीज लोकभाषांनाही वाट मोकळी करून दिली, ते योग्यच झालं. पण परदेशातल्या पहिल्या महिन्यांत मला सगळीकडची ती एकच लॅटिन हवीहवीशी वाटली होती, हेही कबूल करते.) प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्ये, मात्र शब्द आपले आपल्यालाच आणावे लागतात. खोटं बोलले, चिडले, इतपत मी सांगू शकले असते. पण मनात कुणाबद्दल धरून ठेवलेली अढी? कुचकेपणा? कुणाचं चांगलं झालेलं न बघवणं? शब्दकोशात बघून पाप सांगायचं म्हणजे ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं.

शेवटी मी फादरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतलं 990 वं कलम सांगितलं: कुणालाही दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येतं. आणि 983 व्या कलमानुसार धर्मगुरूप्रमाणे त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. आता, पापं सांगायला सोबत दुभाषी कोण नेणार? मी तरी नेला नाही. पण माझ्यासारखी अडलेली माणसं कुणीतरी आधीच लक्षात घेतली होती, एवढ्यानेच मला धीर आला. मग मोडक्यातोडक्या वाक्यांत मी एकदाचं सांगून टाकलं.

म्हणून चौथ्या फोनपासून मी फक्त माझी ही गोष्ट सांगू लागले. एका परिचारिकेला लाजबीज काही नव्हती, तिला फक्त रात्रपाळी होती. तिच्याबद्दल फादरांना विचारलं, तर ते म्हणाले, येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांनी त्याचीही सोय करून ठेवली आहे. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, सुरुवातीच्या सूचनांपैकी एकोणिसावी अशाच कामात अडकलेल्यांसाठी आहे: सगळं सोडून एकांतात जाता येत नसेल, तर रोज दीड तास काढावा. परिचारिका म्हणाली, दीड तास हा संतांचा अंदाज आहे, माझा वीस मिनिटांचा! फादरांनी तिला वीस मिनिटांचे उतारे लिहून दिले.

पहिल्या संध्याकाळी बाहेरून आलेल्या धर्मगुरूंनी संत व्हिन्सेंट डी पॉल यांची हकिकत सांगितली, आणि मी ताठ होऊन बसले. 1617 चा जानेवारी. फ्रान्समधल्या गान नावाच्या खेड्यात एक शेतकरी मरणपंथाला लागला होता. गावात सज्जन म्हणून त्याचं नाव. तरी वर्षानुवर्षं काही पापं त्याने कन्फेशनमध्ये निव्वळ लाजेपोटी लपवली होती. व्हिन्सेंट त्याच्या उशाशी गेले आणि त्याने आयुष्यभराचं सगळं सांगून टाकलं. मग इतका मोकळा झाला की जमीनदारीणबाईंसमोर, मादाम द गोंदींसमोर, उघडपणे बोलला: हे झालं नसतं तर माझं काही खरं नव्हतं. बाई हादरल्या. चांगल्या माणसाची ही गत, तर इतरांचं काय? त्यांच्या सांगण्यावरून 25 जानेवारीला फॉलव्हिलच्या देवळात व्हिन्सेंट याच विषयावर बोलले. त्यानंतर कन्फेशनला एवढी माणसं लोटली की मदतीला आमियांहून येशूसंघीय बोलवावे लागले. 1625 मध्ये गावोगाव अशा साधना घेण्यासाठीच व्हिन्सेंट यांनी आपला संघ उभा केला.

मला त्यातली गर्दी महत्त्वाची वाटली नाही. ती सगळी माणसं आधीपासून गावातच होती. कुणीतरी एकाने 'मलाही लाज वाटत होती' असं मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी योहानच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय होता. पुनरुत्थित येशूने तळ्याकाठी कोळशाचा विस्तव केला आहे. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. एकदा इथे आणि एकदा अठराव्या अध्यायात, जिथे येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा राहून 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणतो. म्हणजे ज्या धगीपाशी तोंड काळं झालं, तसल्याच धगीपाशी त्याला परत बोलावलं. आणि तिथे विचारलं काय? 'का केलंस?' हे एकदाही नाही. तीनदा प्रेमाबद्दलच विचारलं. माझ्या फाडलेल्या भाषणातल्या निखाऱ्याची मला तेव्हा शरम वाटली. फुंकर मारायला निघाले होते मी!

तिसऱ्या संध्याकाळी चार धर्मगुरू चार कोपऱ्यांत बसले होते. बाकांवर पश्चात्तापाच्या प्रार्थनेची छापील कार्डं ठेवली होती. ती कल्पना माझी, आणि तेवढा मोठेपणा मी घेते. माझ्या बारा जणांपैकी चार आले. ते वयस्कर गृहस्थ सगळ्यात मागच्या बाकावर, कोट न काढता बसलेले. रांगेत उभे राहिले, पण आपला नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मागे मी होते.

"सुरुवात कशी करतात?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पहिलं वाक्य सांगितलं. त्यांच्या मातृभाषेतलं वाक्य, माझ्या उच्चारांत. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, एक शब्द चुकला म्हणून पुन्हा विचारलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ पुढच्या बाकाकडे निघून गेले. मग माझा नंबर होता.

यादी अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्या पहिल्या दोघींना, ज्यांना मी भाषण वाचून दाखवलं होतं, परत फोन करायचा राहिला आहे.