मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची

आमच्या शेजारी ऐंशी पार केलेले एक गृहस्थ राहतात. सारं आयुष्य त्यांनी सिनेमाच्या सेटवर दिवे लावण्यात घालवलं. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात ते बागेतली लिंबं घेऊन दारात आले आणि इथे सगळेच विचारतात तो प्रश्न त्यांनीही विचारला, मूळची कुठली तू? मी म्हटलं, मुंबईची. बहुतेक लोक यावर गर्दीबद्दल किंवा जेवणाबद्दल काहीतरी बोलतात. आजोबा म्हणाले, "म्हणजे मर्ल ओबेरॉनच्या गावची."

जुन्या हॉलिवूडमधल्या या नटीचं नाव मला ठाऊकच नव्हतं. घरात इंग्रजी सिनेमाचं वेड असूनही नव्हतं. माझे बाबा धोबीतलावच्या मेट्रोचे वारकरी. ते थिएटर १९३८ साली एमजीएम या अमेरिकन कंपनीने स्वतः बांधलं, हे ते आम्हाला दर वेळी नव्याने सांगायचे. क्लार्क गेबल, इन्ग्रिड बर्गमन, ग्रेगरी पेक ही नावं मी त्यांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. मर्लचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. घेतलं असतं, तरी ती मुंबईत जन्मली हे त्यांना तेव्हा कुठून कळणार? तिने ते जन्मभर लपवून ठेवलं होतं.

आम्ही राहतो थाउजंड ओक्सला, लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला साधारण साठ किलोमीटरवर. घरापासून दहा मिनिटांवर वाइल्डवुड नावाचं मोठं राखीव रान आहे. तिथल्या टेकड्या ज्वालामुखीच्या काळसर दगडाच्या आहेत, म्हणून पहिल्याच दिवशी मला सह्याद्रीजवळ आल्यासारखं वाटलं. ऋतू मात्र उलटे. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्या हिरव्या होतात आणि जूनमध्ये, आपल्याकडे मृगाच्या सरी येतात तेव्हा, सगळं गवत वाळून पिवळंधमक झालेलं असतं. आजोबांबरोबर त्या पायवाटेवर चालताना कळलं, की मी रोज जिथे फिरायला जाते तिथे १९३८-३९च्या हिवाळ्यात 'वुदरिंग हाइट्स'चं चित्रीकरण झालं होतं. निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं माळरान उभं केलं. टेकडीवर हीदरची झुडपं लावली, वादळी हवा हवी म्हणून वाऱ्याची यंत्रं आणि पाण्याचे फवारे वापरले. त्या माळावर कॅथी होऊन धावली ती मर्ल ओबेरॉन, आणि हीथक्लिफ होता लॉरेन्स ऑलिव्हिए. (याच कथेवरून आपल्याकडे १९६६ साली दिलीपकुमारचा 'दिल दिया दर्द लिया' आला.)

त्या सेटवरचे किस्से आजोबांना तोंडपाठ आहेत. ते स्वतः तिथे नव्हते, त्यांचा जन्मच पुढचा, पण प्रकाशवाल्यांमध्ये अशा गोष्टी गुरूकडून शिष्याकडे येतात. ऑलिव्हिएला कॅथीच्या भूमिकेत हवी होती त्याची प्रेयसी व्हिव्हियन ली. गोल्डविनने मर्लला घेतलं. त्यामुळे ऑलिव्हिए पहिल्या दिवसापासून मर्लवर नाराज. प्रेमाच्या दृश्यात तो संवाद म्हणताना थुंकी उडवतो अशी तक्रार तिने केली, त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पडद्यावर हेच दोघे एकमेकांसाठी जीव टाकताना दिसतात. दिग्दर्शक विल्यम वायलर एकेका दृश्याचे इतके टेक घ्यायचा की नट रडकुंडीला यायचे. मात्र सिनेमाचा अभिनय आपल्याला वायलरने शिकवला, हे ऑलिव्हिएने पुढे मोकळेपणाने कबूल केलं. कॅथीचा नवरा एडगर झालेल्या डेव्हिड निव्हनला कॅथीच्या मृत्यूच्या प्रसंगात रडूच येईना. मग त्याच्या डोळ्यांत मेंथॉल फुंकलं, तर पाणी डोळ्यांतून यायच्या ऐवजी नाकातून आलं. हा किस्सा निव्हन स्वतःच रंगवून सांगत असे.

वादळाच्या दृश्यात मर्ल तासन्‌तास यंत्राच्या गार वाऱ्यात आणि पाण्याच्या झोतात उभी राहिली, तापाने फणफणली आणि काम थांबवावं लागलं. शेवटच्या दृश्यात ढगांकडे चालत जाणारे कॅथी आणि हीथक्लिफ तर हे दोघे नव्हेतच. वायलरला तो गोड शेवट मान्य नव्हता, गोल्डविनला हवा होता, आणि तोवर दोघे नट मोकळे झाले होते. म्हणून बदली माणसं उभी करून त्यांना पाठमोरं चित्रित केलं. कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर या सिनेमासाठी ग्रेग टोलंडला मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

आता व्हिव्हियनकडे वळते, कारण तिच्याशिवाय मर्लची गोष्ट पुरी कळत नाही. ऑलिव्हिएला भेटायला म्हणून ती त्याच डिसेंबरात इथे आली. १० डिसेंबर १९३८च्या रात्री कल्व्हर सिटीत 'गॉन विथ द विंड'साठी जुने सेट पेटवून अटलांटा शहराची आग चित्रित होत होती. तिथे निर्माता सेल्झनिकशी त्याच्या भावाने तिची गाठ घालून दिली, आणि पुढे स्कार्लेट ओ'हाराची भूमिका तिलाच मिळाली. व्हिव्हियन जन्मली दार्जिलिंगला, १९१३ साली. मर्ल जन्मली मुंबईत, १९११ साली. १९३९ या हॉलिवूडच्या सर्वांत गाजलेल्या वर्षातल्या दोन गाजलेल्या नायिका, दोघीही हिंदुस्थानात जन्मलेल्या, एकाच हिवाळ्यात एकाच शहरात काम करत होत्या. व्हिव्हियनला दार्जिलिंग लपवावं लागलं नाही. मर्लला मुंबई लपवावी लागली.

मर्लचं जन्मनाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरात लाडाने क्वीनी. तिला वाढवलं शार्लट सेल्बी यांनी. त्या मूळच्या सिलोनच्या, मिश्र वंशाच्या. मर्ल त्यांना आई समजून वाढली. प्रत्यक्षात त्या तिच्या आजी होत्या. त्यांची मुलगी कॉन्स्टन्स, जिला मर्ल बहीण म्हणत होती, तीच तिची जन्मदाती. मर्ल झाली तेव्हा ती स्वतःच कोवळी पोर होती. कॉन्स्टन्सचा मुलगा हॅरी याला पुढे मुंबईच्या सरकारी दप्तरात मर्लचा जन्मदाखला सापडला, तेव्हा जिला तो मावशी समजत होता ती आपली बहीण आहे, हे त्याला कळलं. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला आला. तिने भेट नाकारली.

मुंबईहून हे कुटुंब कलकत्त्याला गेलं. तिथे ला मार्टिनिएर शाळेत मिश्र वंशावरून मुली इतक्या चिडवायच्या की तिने शाळा सोडली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, आणि विशीच्या आतच बोटीने युरोप. लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने तिला १९३३च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये अ‍ॅन बोलिनची छोटी भूमिका दिली, आणि तिचं नशीब उघडलं. तिचा जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा, अशी गोष्ट रचण्यात आली. इतकं दूरचं ठिकाण, की लंडनहून कोण जाऊन दाखला बघणार! शार्लट लंडनला तिच्याजवळ राहत. घरी पाहुणे आले की सावळ्या वर्णाच्या या बाईची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं सांगतात. १९३७ साली त्या वारल्या. पुढे १९४९ साली मर्लने जुन्या फोटोवरून त्यांचं तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला त्वचा उजळ रंगवायला लावली, असंही सांगतात. ते चित्र तिच्या घरात अखेरपर्यंत होतं. हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आजीचा सावळा, सुरकुतलेला हात डोळ्यांपुढून हलेना.

पण मर्लला दोष देणं मला जमत नाही. ती हॉलिवूडला आली तेव्हाची अमेरिका आठवायला हवी. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातून इथे स्थलांतर करणंच बंद केलेलं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. हे दार थोडं किलकिलं झालं थेट १९४६ साली, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. त्यात १९३४पासून सिनेमावाल्यांनी स्वतःवरच एक आचारसंहिता कडकपणे लागू केली. गोऱ्या-काळ्यांमधले प्रेमसंबंध दाखवायला तिने बंदी घातली होती, आणि स्टुडिओ तोच नियम आशियाई नटांनाही लावत. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची गुणी अभिनेत्री. १९३७च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकरणीची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नायक पॉल म्युनी गोरा होता. चिनी मेकअप करून ती भूमिका लुईझ रायनरने केली आणि ऑस्करही घेतलं. मुंबईचं नाव घेतलं असतं तर मर्ल कॅथी कशी झाली असती?

आणि हे बघा. ज्या कोर्डाने मर्लला मोठं केलं, आणि १९३९ साली तिच्याशी लग्नही केलं, त्यानेच म्हैसूरच्या हत्तीखान्यातला साबू नावाचा पोर 'एलिफंट बॉय'मध्ये जगापुढे आणला. साबूचं हिंदुस्थानीपण जाहिरातीत मिरवलं गेलं, म्हणून त्याला जन्मभर बहुतेक जंगल आणि हत्तीच मिळाले. मर्लचं हिंदुस्थानीपण दडवलं गेलं, म्हणून तिला राण्या आणि सरदारकन्या मिळाल्या. 'द डार्क एंजल'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. १९३६च्या त्या समारंभात पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला या गटात मिळालेलं ते पहिलं नामांकन, आणि सभागृहातल्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. २०२३ साली मिशेल योचं नाव त्या यादीत आलं तेव्हा वर्तमानपत्रांनी "स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली" असे शब्द जपून वापरले. ते जपणं मर्लमुळे.

आजोबांना मर्ल ज्या कारणाने आठवते, ते मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. १९३७ साली लंडनमध्ये 'आय, क्लॉडियस'चं काम चालू असताना तिला मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्यावर जखमा झाल्या आणि तो सिनेमाच सोडून द्यावा लागला. पुढे तीव्र सौंदर्यप्रसाधनं आणि सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी यांनीही तिच्या त्वचेची वाट लावली. १९४४च्या 'द लॉजर'चा छायाचित्रकार होता लुसियन बॅलर्ड. त्याने एक छोटा दिवा कॅमेऱ्याच्या अगदी भिंगाजवळ बसवला. बाजूने येणारा प्रकाश व्रणाच्या कडेला सावली पाडतो आणि व्रण उठून दिसतो. दिवा भिंगाच्या रेषेतच असला की पडलेली सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही आणि खळगे भरल्यासारखे होतात. बॅलर्डने त्या दिव्याला तिच्या आडनावावरून 'ओबी' नाव दिलं, आणि १९४५ साली तिच्याशी लग्न केलं. लग्न चार वर्षं टिकलं. दिवा अजून टिकून आहे. आजोबांनी निवृत्त होईपर्यंत तो शेकडो वेळा लावला. सेटवर "ओबी आण रे" अशी हाक येते तेव्हा पोरांना हे कुणाचं नाव आहे ते माहीत नसतं, आजोबा त्यांना थांबवून सांगायचे.

१९७८ साली, सदुसष्ट वर्षांची असताना, ती टास्मानियातल्या होबार्टला गेली. आपल्या मातीतली लेक परत आली म्हणून महापौरांनी तिचा स्वागतसमारंभ ठेवला होता. तिथे तिने बरं वाटत नसल्याचं सांगून पुढचे प्रश्न टाळले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९मध्ये, मालिबूला तिचं निधन झालं.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. हॉलिवूड बुलेवार्डवर, व्हाइन स्ट्रीटच्या चौकाजवळ, फुटपाथवर गुलाबी दगडातला मर्लचा तारा आहे. तिथे घेऊन गेले. मेरिलिन मन्रोच्या ताऱ्यापाशी फोटो काढणाऱ्यांची रांग असते, इथे कुणी नव्हतं. बाबांनी चष्मा पुसून नाव दोनदा वाचलं. आई खाली वाकली, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी ताऱ्यावर ओतलं, रुमालाने पितळेची अक्षरं पुसली आणि कुणाशी तरी ओळख निघाल्यासारखं मराठीत म्हणाली, "आम्ही गिरगावचे."

घरी आल्यावर आम्ही आजोबांना बोलावून 'द लॉजर' लावला. बाबा आणि ते शेजारी शेजारी बसले. मर्लचा पहिला क्लोजअप आला तेव्हा आजोबांनी चित्र थांबवलं, उठून टीव्हीजवळ गेले आणि तिच्या डोळ्याच्या बाहुलीतल्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा तो दिवा," ते म्हणाले.