‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे इन्फेक्शन नव्हे

गरोदरपणातल्या बाकीच्या तपासण्या बिनबोभाट झाल्या. अडलं ते लघवीच्या दुसऱ्या कल्चरवर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीवर. रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ एवढंच, आणि लॅबच्या खिडकीवरून उत्तर, “इन्फेक्शन आहे.” त्याचा राग अजून जात नाही, कारण ते चूक होतं. मिक्स्ड ग्रोथ म्हणजे बहुतेक वेळा नमुन्यात त्वचेवरचे, योनीमार्गातले जंतू मिसळलेत. त्याला उपाय गोळ्या नव्हे, नवा नमुना.

एकाच जातीचे जंतू आणि मिलिलिटरमागे १,००,००० किंवा जास्त कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे पुंजके) असतील तर तो खरा जंतुसंसर्ग. मग जळजळ नसली तरी उपचार घ्यायचाच. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी साचून राहते आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात.

नमुना कसा द्यायचा हे कुणीतरी नीट सांगायला हवं. हात धुवायचे, जागा पुढून मागे स्वच्छ करायची, योनीचे ओठ बाजूला धरायचे, पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्यायची. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि २४ तासांच्या आत द्या. बाहेर राहिली तर जंतू डबीतच वाढतात आणि आकडा फुगतो.

हो, आणि नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी. कोर्स संपल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करतात, कारण त्रास मुळात नव्हताच, मग बरं झालं हे कळणार कशावरून? क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचं वेगळं आहे: तिथे उपचारानंतर सुमारे ४ आठवडे थांबायचं. लवकर केली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए सापडून तपासणी उगाच पॉझिटिव्ह येते.

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, प्रसूतीत बाळाला लागू शकणारे जंतू. त्यांचा स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) जिथे सगळ्यांना करतात तिथे तो ३६ ते ३७ आठवड्यांत, योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून घेतात. आधी निगेटिव्ह आला म्हणून चालत नाही. हे जंतू येतात-जातात, रिपोर्ट सुमारे ५ आठवडेच धरतात. मात्र याच गरोदरपणात लघवीत जीबीएस सापडला असेल तर स्वॅब लागत नाही, प्रसूतीकळा सुरू झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलेलंच असतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर स्वॅबच्या फॉर्मवरच लिहून घ्या, म्हणजे लॅब दुसरं कोणतं औषध चालेल तेही तपासते.