मी मारलेला जंपर

तो जंपर, म्हणजे एसीच्या सेफ्टी रिलेला बगल देणारा वायरीचा तुकडा, मीच मारला होता, हे आधी सांगून टाकतो.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. मोशीजवळचं मंगल कार्यालय, गच्चीवर 11 टनाची दोन डक्टेबल एसी मशीनं, प्रत्येकात साडेपाच टनाचे दोन स्क्रोल कॉम्प्रेसर, म्हणजे एकाच दिशेने फिरले तरच गॅस दाबणारे. जुनी, आर-22 गॅसवर चालणारी मशीनं. लग्नाचा सीझन, आणि एका मशीनचा एसपीपी उगाच ट्रिप होत होता. एसपीपी म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. एखादी फेज गेली, व्होल्टेज फार कमीजास्त झालं किंवा आर-वाय-बी या तीन फेजचा क्रम उलटला, की हा छोटा रिलेचा डबा कंट्रोलची लाईन तोडतो. एचपी (जास्त प्रेशर), एलपी (कमी प्रेशर), ओव्हरलोड (मोटर तापली की तोडणारा) आणि एसपीपी हे सगळे कॉन्टॅक्ट एका माळेत असतात. एकाने हात वर केला की कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसर चालू करणाऱ्या स्विचच्या, कॉइलला सप्लाय मिळत नाही. तो रिले खराब झालाय हे कळत होतं, पण रविवारी नवा कुठून आणणार? दीड स्क्वेअरच्या लाल वायरीचा बोटभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना पिना क्रिंप केल्या आणि रिले डायरेक्ट केला. मॅनेजरला म्हटलं, "उद्या नवा आणून बसवतो." तो उद्या काही आला नाही. मशीन चालत होतं, कोणाची तक्रार नव्हती, मीही विसरलो.

परवाच्या मे महिन्यात संध्याकाळी सहाला त्यांचाच फोन. गोरज मुहूर्त, हॉल भरलेला, आणि थंडावा शून्य. मी पोचलो तेव्हा आमच्याच लाईनमधला दुसरा एक मेकॅनिक गच्चीवर होता. मॅनेजर म्हणाले, "दादा, एक मशीन चालू आहे, दुसरं बंद पडलंय. बंद पडलेलं आधी बघा." चालू मशीनमध्ये कूलिंग कमी म्हणून त्या मेकॅनिकने गॅस मारायला घेतला होता.

मी चालू मशीनजवळ कान नेला. खडखड, कुणी डब्यात खडे हलवावेत तशी. गेज लावलेलेच होते: सक्शन आणि डिस्चार्ज, दोन्ही काटे 180 पीएसआयच्या आसपास. नीट चालणाऱ्या मशीनला एकीकडे 65-70 आणि दुसरीकडे अडीचशेच्या वर दिसायला हवं. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, तर एरवी 10-11 अँपिअर खाणारा कॉम्प्रेसर निम्म्यावर. फिरतोय पण ओढत नाही. मीटरवर तिन्ही फेजमध्ये 415, अगदी नमुनेदार. इथेच माणूस फसतो, कारण क्रम उलटला तरी व्होल्टमीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

तेवढ्यात खालून कॅटररवाल्याची बोंब आली, "अहो, पाणी सोडा, टाकी रिकामी झालीये!" पंप तासभर चालू होता म्हणे, पाणी मात्र वर चढेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला: फेजचा क्रम उलटला की मोटरही उलटी फिरते. क्रम तपासायला बॅगेतून तबकडीचा फेज सिक्वेन्स मीटर काढला, तीन चिमटे लावले. तबकडी घड्याळाच्या उलट फिरली.

दुपारी रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती, लाईटवाल्यांनी जॉइंट मारला आणि दोन फेज अदलाबदल झाल्या. म्हणजे जे मशीन 'बंद पडलं' होतं ते ठणठणीत होतं. त्याच्या एसपीपीचा लाल दिवा लागला होता, त्याने आपलं काम केलं होतं. आजारी होतं ते चालू असलेलं. दुसऱ्या मेकॅनिकने तर त्या शहाण्या रिलेलाही डायरेक्ट करायला वायर सोलून ठेवली होती. मी काय बोलणार? शेजारच्या पॅनेलचं दार उघडलं तर माझा लाल तुकडा, माझ्याच पिना, वर पालीची लेंडी.

कॉन्टॅक्टरवर दोन वायरी बदलणं दोन मिनिटांचं काम. पण तिथेच लोक चुकतात. हॉलला डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर होता. एसीच्या पॅनेलमध्ये फेज बदलल्या असत्या, तर मेनवर सरळ आणि डीजीवर उलटं झालं असतं, आणि लग्नात लाईट जायला मुहूर्त लागत नाही. बदल करायचाच तर चेंजओव्हरच्या (मेन की डीजी निवडणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, मेनच्या बाजूला. पाहुणे बसलेले असताना मेन पाडायचा नाही, म्हणून सगळा लोड डीजीवर घेतला. तबकडी सरळ फिरली, बंद मशीनचा एसपीपी आपोआप रिसेट झाला. जंपरवाल्याचा एकच कॉम्प्रेसर चालू केला. दुसरा इतका तापला होता की आतला ओव्हरलोड काही सुटेना. अक्षता पडेपर्यंत हॉलमध्ये बरी हवा आली.

सकाळी नवा एसपीपी बसवला, जंपर काढला, जास्तीचा गॅस रिकव्हर केला. मालकांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं आम्ही देवाच्या भरवशावर होतो." तापलेला तो कॉम्प्रेसर दिवाळीत जाम झाला. निम्मे पैसे मी भरले.

त्याच दुपारी लाईटवाले आले आणि त्यांनी आपल्या जॉइंटवरच फेज सरळ केल्या. आमचं सगळं ठीक झालं. पण आदल्या रात्री हॉलच्या पंपवाल्याने आपल्या स्टार्टरला वायरी बदलल्या होत्या, आणि गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानेही. दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी गेटवर स्कूटरला किक मारत होतो तेव्हा गिरणीवाले काका दारात येऊन ओरडत होते, "अहो, कालपासून सरळ फिरत होती, आता परत उलटी कोणी केली?"