तुम्ही विचारलंत म्हणून: मराठवाड्यात कोळी या आठपायी जिवाच्या जाती किती?

हा प्रश्न शिक्षक विचारतात, विद्यार्थी विचारतात, कपाशीत फवारणी करणारे शेतकरीही विचारतात. आमचं म्हणणं असं की आकड्याआधी तास विचारा. किती तास शोधलं, कुठे, कशा पद्धतीने? एखादी जात किनवटच्या जंगलात नोंदली गेली आणि बालाघाटाच्या माळावर नाही, तर त्या माळावर अजून कुणी दगडच उलटले नसतील.

म्हणून तास बांधून घ्यायचे. एक माणूस, एक तास, एकच पद्धत: दगडाखाली, गवतात जाळी फिरवून किंवा झुडपाखाली उलटी छत्री धरून फांदीवर काठी मारत. प्रत्येक तासाची कुपी वेगळी. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे विंचू निघाला तर मध्ये दगड असतो. मग दगड होता तसाच ठेवायचा. रात्री बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरली की लांडगा कोळ्यांचे डोळे चमकतात. दवही चमकतं, पण आपण हललो की त्याची चमक मिटते.

जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांसाठी काठापर्यंत मातीत गाडलेले प्लास्टिकचे पेले पुरतात, आणि काळ्या मातीत खरी अडचण इथेच येते. माती वाळली की आकसते, पेल्याभोवती फट पडते आणि कोळी पेल्याऐवजी फटीत उतरतो. फट बारीक मुरमाने भरून काठ मातीशी सपाट करा. एकात एक दोन पेले बसवले तर आतला उचलताना काठ ढासळत नाही. एक तृतीयांश पेला मिठाच्या संपृक्त पाण्याने भरा, वर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. ग्लायकॉल नको, शेळ्या-कुत्री तोंड घालतात. पावसासाठी तीन खड्यांवर कौल ठेवा. आठवड्याने माल गाळून, धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका. पेल्यात भटके नर जास्त पडतात, त्यामुळे त्या संख्येवरून दाटी ठरवू नका.

चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते. नुसतं गावाचं नाव पुरत नाही, एकाच गावात ओलिताचं रान असतं आणि मुरमाड गायरानही. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत घ्या, म्हणजे जागा सुमारे ११ मीटरच्या आत सापडते.

जात ठरते ती प्रौढावरून. मादीच्या पोटाखालचं जननांग आणि नराच्या स्पर्शपादाचं (तोंडाजवळच्या आखूड पायासारख्या अवयवाचं) टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. पिल्लं कुळापर्यंत, फार तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) नोंदवून सोडून द्या. जाळं विणणारे बरेच कोळी पावसाळ्याच्या शेवटाला प्रौढ होतात. फक्त मे महिन्यात फिरलात तर यादी लंगडीच राहील. बोरी-बाभळीवर सामाजिक कोळ्यांचं, म्हणजे स्टेगोडायफसचं, मळकट घरटं दिसलं तर ती एक वसाहत म्हणून लिहा. आतली शेकडो डोकी मोजलीत तर सगळी आकडेवारी त्या एका झाडाकडे झुकते.

शेवटी, एकदाच सापडलेल्या जाती मोजा. समजा ६० जाती मिळाल्या, त्यांतल्या २० एकेकदाच आणि १० दोनदाच दिसल्या. २० चा वर्ग ४००, त्याला १० च्या दुपटीने भागा: २०, हा न दिसलेल्या जातींचा अंदाज. म्हणजे तिथे किमान ८० जाती असाव्यात, शोध अपुरा आहे. गौताळा किंवा येडशीच्या अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. तिला वेळ लागतो, अर्ज उन्हाळ्यातच द्या.