तुम्ही विचारलंत म्हणून: शाबूत जनुक गप्प कसं बसतं?

राजारामपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला. परवा कागलच्या एका ताईंनीही तोच विचारला. "डॉक्टर, वडिलांच्या गाठीत एमएलएच-१ नाही म्हणून लिहिलंय. रक्ताच्या तपासणीत तर ते जीन चांगलं आहे म्हणतात. खरं काय धरायचं ओ?"

दोन्ही खरं. स्लाइडवर मी जनुक बघतच नाही, त्यापासून तयार होणारं प्रथिन बघते. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढतो; शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी, गाठीतली निळी, एवढंच दिसतं. जनुक मोडलंय की गप्प केलंय, हे रंगावरून कळत नाही.

रिपोर्टच्या पाकिटावर पेनानं 'स' काढला, वर टिंब दिलं. सायटोसिन हे डीएनएच्या चार अक्षरांतलं एक. त्यावर मिथाइल नावाचा इवलासा रासायनिक गट बसतो. अक्षर तेच राहतं, टिंब तेवढं वाढतं. बऱ्याच जनुकांच्या सुरुवातीचा भाग निरोगी पेशीत बिनटिंबाचा असतो. कॅन्सरमध्ये काही जनुकांच्या नेमक्या तिथंच टिंबांची गर्दी होते. मग टिंबं ओळखणारी प्रथिनं येऊन चिकटतात, आणखी काहींना बोलावून आणतात, आणि डीएनए घट्ट गुंडाळला जातो. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या शालूसारखा: आहे, पण हाताला लागत नाही.

पेशी दुभंगते तेव्हा डीएनएमटी-१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरची टिंबं नव्या धाग्यावर इमानानं उतरवतं. आणि एमएलएच-१चं काम काय, तर डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करायला मदत करणं! मुद्रितशोधकाचंच तोंड बांधलं, म्हटल्यावर पुढच्या प्रतींत चुका साचणारच.

ताईंच्या मनातला खरा प्रश्न मात्र वेगळा होता: भावाला आणि मला धोका किती? बिघाड जन्मजात असता, म्हणजे लिंच सिंड्रोम, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. टिंबं गाठीतच पडलेली असली तर ती सहसा पुढच्या पिढीत जात नाहीत. म्हणून गाठीच्या मेणात जपलेल्या त्याच तुकड्यातून मिथिलेशनची, म्हणजे या टिंबांची, तपासणी केली, टिंबं सापडली. वडील ७८ वर्षांचे, आणि अशी टिंबं उतारवयातच जास्त आढळतात.

"मग टिंबं पुसायचं औषध नाही का?" आहे. ॲझासायटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती अस्थिमज्जेच्या एका आजारासाठी. आतड्याच्या गाठीवर ते नेहमीचं औषध नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीचं मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारा म्हटलं, कारण चुकांनी भरलेल्या अशा गाठी शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखू येण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट पिशवीत गेला. पाकीट ताईंनी हातातच धरलं, भावाला दाखवायला.