पाण्याला न टेकणाऱ्या फळीची गोष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच: "तुमची ती फळी हवेत असते ना? मग तिच्या आकारापायी सहा महिने गॅरेजमध्ये काय घासत बसलात?"

प्रश्न बिनतोड आहे. फळीखाली ८० सेंटीमीटरचा कार्बनचा खांब, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या टोकाला, पाण्यात, विमानासारखा पंख. या दोघांना मिळून फॉइल म्हणतात. वेग आला की पंख उचल देतो, फळी पाणी सोडते, आणि मग वारा पाठीशी घेऊन लाटांच्या उतारावरून घसरत राहायचं. शीड नाही, मोटर नाही, फळी एकदा उचलली की वल्हंही जवळजवळ शोभेचं.

माझी जागा ओरेगनमधली कोलंबिया नदी. व्हिएंटोला उतरायचं आणि साधारण १३ किलोमीटरवर हूड रिव्हर गावाला बाहेर यायचं. उन्हाळ्यात पूर्वेकडचा प्रदेश तापतो आणि कॅस्केड डोंगरांमधल्या खिंडीतून समुद्रावरची थंड हवा आत खेचली जाते. वारा येतो पश्चिमेकडून, नदी वाहते पश्चिमेकडे. दोघं भिडतात म्हणून लाटा उभ्या राहतात. म्हणजे आम्ही प्रवाहाच्या उलट जातो. हे ऐकून मालवणचे काका फोनवर म्हणाले, "खुळावलंस काय रे?"

आता हिशेब. मी, फळी आणि फॉइल मिळून ८८ किलो. पंख १२०० चौरस सेंटीमीटरचा. एवढा भार उचलायला ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास वेग हवा. पण आठ फुटी होडी असो वा फळी, ताशी सातच्या पुढे ढकलायला गेलात की ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. वल्हं मारून छाती फुटते, फळी हलत नाही. लांबी वाढवली की ही मर्यादा वर सरकते, रुंदी कमी केली की तो चढच लहान होतो. हवाईचे सर्फर डेव्ह कलामा यांच्या बॅराकुडासारख्या लांब, निमुळत्या फळ्या आल्या त्या यासाठीच. माझी ७ फूट १० इंच लांब आणि १९ इंच रुंद आहे. ती बनवली पहिल्या दहा सेकंदांसाठी. नंतर हवेत ती नुसतं ओझं असते.

काकांच्या होडीचं अंगही असंच अरुंद, पण तिला उलांडी आहे, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला बांधलेला ओंडका. माझ्या फळीची उलांडी म्हणजे माझे गुडघे.

तळाच्या मागच्या कडा मात्र धारदार ठेवल्या. चहा बशीत ओतताना कपाच्या गोल कडेवरून खाली ओघळतो, तसंच पाणी गोल कडेला चिकटून फळीला मागे खेचतं. टोकदार कडेवरून ते सुटतं.

गाभा थर्माकोलचा. बंदीआधी ज्याची मखरं व्हायची तोच, आणि कापायचाही तसाच, तापलेल्या तारेने. ११० लिटरचा गाभा जेमतेम पावणेदोन किलो भरतो. वरून कार्बनचं कापड आणि इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन टणक बनणारी राळ. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण ते थर्माकोल खाऊन टाकतं. मग सगळं पिशवीत घालून पंपाने हवा ओढायची, म्हणजे कापड घट्ट बसतं आणि जादा रेझिन निघून जातं. रात्रभर पंप घरघरतो. बायको त्याला "तुझा पाहुणा" म्हणते.

पहिली फळी मी घालवली ती मास्ट बसवण्याच्या खाचेपायी. दोन समांतर पट्ट्यांची ती खाच मी थर्माकोलमध्ये बसवली आणि वरून कापड चढवलं. दिसायला झकास. पण ८० सेंटीमीटरचा मास्ट म्हणजे पहारच की! प्रत्येक वळणाला तो ती खाच उचकटू पाहतो, आणि थर्माकोल बिचारा दबत जातो. चौथ्या फेरीला तळाशी केसाएवढी चीर दिसली. दुर्लक्ष केलं. सहाव्या फेरीला फळी पाणी प्यायली. किनाऱ्यावर आणली तर नेहमीच्या दुप्पट जड वाटत होती.

दुसऱ्या वेळी खाचेभोवती जड, टणक फोमचा ठोकळा घातला, तळापासून थेट वरच्या पृष्ठभागापर्यंत, आणि दोन्हीकडे कापडाने बांधून घेतला. आता जोर एका जागी न बसता फळीभर पसरतो. वजन अर्धा किलो वाढलं, ते मी मुकाट्याने सोसतो. आणि वर एक छोटं झडपेचं बूच, कारण उन्हात आतली हवा फुगली तर कापड गाभ्यापासून सुटतं.

तिसरा उन्हाळा चालू आहे, चीर नाही. पुढची १८ इंची करायचं मनात आहे. गाडी तेवढी अजून अंगणातच उभी राहते.