आईचा डावा डोळा आणि कोडचा शेवटचा आकडा

आईच्या डोळ्यातल्या इंजेक्शनचे पैसे विमा कंपनीकडून परत मिळायला चार महिने लागले. त्यातले साडेतीन एका कोडपायी गेले. घाटातला प्रवास, इंजेक्शनची भीती, हे सगळं मी विसरत चालले आहे. त्या दवाखान्यातली बिलिंगची खिडकी मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरताना झाली. देवगडला आमच्या खळ्यात आई पेटीवर पट्टी ठोकत होती. हातोडी थांबवून म्हणाली, "गो बाय, ही पट्टी वाकडी कित्याक दिसता?" पट्टी सरळ होती. उजवा डोळा झाकला की तिला ती वाकडी दिसायची, डावा झाकला की सरळ. मला वाटलं मोतीबिंदू असेल, हंगाम संपला की दाखवू. ते तीन आठवडे मला आजही टोचतात. मोतीबिंदूत धुरकट दिसतं. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, बिघडल्याची शक्यता मोठी असते. तिथे हंगाम बघायचा नसतो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. पावसात करूळ घाट बंद होता, म्हणून फोंडा घाटातून गेलो. ओसीटी नावाची तपासणी झाली. तिच्यात प्रकाशाने पडद्याचे थर मोजतात, काही दुखत नाही. आईच्या डाव्या डोळ्यात मधली जाडी ४१२ मायक्रॉन आली, ती अडीचशेच्या आसपास असायला हवी होती. चौदा वर्षांच्या साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या होत्या. मला ते लगेच कळलं, कारण आमच्या चिऱ्याच्या भिंतीला पावसात ओल धरते आणि गिलावा फुगतो, ते दर वर्षी बघते. तसाच तिचा मॅक्युला फुगला होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं: डायबेटिक मॅक्युलर एडिमा. दर महिन्याला एक अशी रॅनिबिझुमॅब या औषधाची तीन इंजेक्शनं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पाच-दहा मिनिटांत काम होतं, संध्याकाळी घरी. आई बाहेर येऊन म्हणाली, "माका दुखाक नाय." मीच रडले.

इथवर सगळं सरळ होतं. आता ती खिडकी.

आमची पॉलिसी सात वर्षांची, आणि आईचा मधुमेह पहिल्या दिवसापासून तिच्यात लिहिलेला. २०१९ मध्ये विमा नियामकाने आधुनिक उपचारांची जी यादी काढली, तिच्यात डोळ्यातल्या या इंजेक्शनचं नाव आहे. मर्यादा किती ते मात्र आपापल्या पॉलिसीत बघा, ती रक्कम वेगवेगळी असते. क्लेमच्या फॉर्मचे दोन भाग असतात. अ भाग आपण भरायचा, ब भाग दवाखान्याने. ब भागात आजाराचं नाव आणि शेजारी आयसीडी १० चा कोड. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गवारी, प्रत्येक आजाराला अक्षर आणि आकडे. मी तो भाग वाचलाच नाही. शिक्का आहे ना, एवढं बघून पाकीट बंद केलं.

बावीस दिवसांनी पत्र आलं: निदान आणि कोड जुळत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर मधुमेहाचा आजार, आणि ब भागात एच ३५.३. तो कोड मॅक्युलाच्या झिजेचा, म्हणजे उतारवयात होतो त्या आजाराच्या घरातला. फोन केला तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मॅक्युला असला की आम्ही सगळ्यांना हाच घालतो, ताई." मग थोरल्या मामांचा सल्ला आला: आहे तोच राहू दे, साखरेचं नाव आलं की कंपनी जुना आजार म्हणून नाकारेल. दोन रात्री मला हे पटत होतं, हे कबूल करते. पण मधुमेह आपण आधीच जाहीर केलेला, त्याचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे जुन्या आजाराला पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, कधीच उलटलेला. मग लपवायचं काय? आणि आईला पुढे आणखी इंजेक्शनं लागली, तर प्रत्येक कागद या पहिल्या कागदाशी ताडून बघतील. मी खरा कोड मागितला.

तो मिळायला चार फोन आणि एक खेप पडली. देवगड ते कोल्हापूर, एका कागदासाठी, पतपेढीतून रजा टाकून. खिडकीवर दीड तास उभी होते. त्यांनी संगणकाच्या यादीतून कोड निवडला, छापला, शिक्का मारला: ई ११.३३११. मी आनंदाने तिथूनच कुरिअर केलं.

सतरा दिवसांनी पुन्हा पत्र. उपचार डाव्या डोळ्यावर, निदान उजव्या डोळ्याचं, खुलासा करा.

त्या रात्री मी जेवले नाही. उजवा डोळा आला कुठून? कागदावर उजवा हा शब्दच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत शोधलं, तर ती ई ११.३ ला थांबते: दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, डोळ्याच्या गुंतागुंतीसह. त्याच यादीच्या डोळ्यांच्या भागात त्याचा जोडीदार एच ३६.०, म्हणजे साखरेने बिघडलेला पडदा. पुढचे आकडे तिथे नाहीतच. पहाटे कधीतरी उमगलं की दवाखान्याच्या संगणकात अमेरिकेची लांबवलेली आवृत्ती आहे, तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून चालते ती. मग एकेक घर उलगडलं. ई ११ म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. टिंबानंतरचा ३ म्हणजे डोळा. पुढचा आकडा पडद्याच्या आजाराची पायरी: २ सौम्य, ३ मध्यम, ४ तीव्र, आणि नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवू लागल्या की ५. त्यापुढे १ असेल तर मॅक्युलाला सूज आहे, ९ असेल तर नाही. आणि शेवटचा आकडा डोळ्याचा. १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ म्हणजे कुठला ते नोंदवलं नाही. यादीत उजवा वर असतो. त्यांनी वरची ओळ निवडली होती.

अकरा वर्षं मी खातेनंबर तपासते. एक आकडा चुकला तर एकाचे पैसे दुसऱ्याला जातात, म्हणून आम्ही दोघं जण वाचतो. तिथे आईच्या डोळ्याचा आकडा दुसऱ्या कुणी वाचलाच नव्हता. राग त्याचा आहे.

या वेळी खिडकीला विचारलंच नाही. थेट डॉक्टरांना भेटून चार ओळींचं पत्र मागितलं: डोळा डावा, आजार अमुक, बरोबर कोड ई ११.३३१२, आधीचा आकडा लिहिण्यातली चूक. त्यांनी पाच मिनिटांत दिलं, सही आणि नोंदणी क्रमांकासह. सोबत ओसीटीची रंगीत प्रत जोडली, तिच्यावर कुठला डोळा ते छापलेलं असतं. काळीपांढरी झेरॉक्स देऊ नका, तिच्यात काही दिसत नाही. अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. पतपेढीत बसल्या बसल्या मोबाइल वाजला आणि मी उठून मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहिले.

आठवलं ते सांगते. ब भाग हातात आला की खिडकी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि कोडचा प्रत्येक आकडा डिस्चार्ज कार्डाशी ताडा. कागदांवर ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धड दिसत नाही, म्हणून रुग्णाला एकट्याला पाठवू नका आणि त्या वेळी त्याची सही घेऊ नका. आईची एक सही तशीच वाकडी गेली, ती पुन्हा करावी लागली. इंजेक्शननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी फोन करा, रात्र झाली तरी. आणि साखर असेल तर दिसतंय चांगलं म्हणून थांबू नका, वर्षातून एकदा पडदा दाखवा. तो आजार दुखत नाही, आणि सुरुवातीला दिसतही नाही.

आई आता रोज सकाळी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघते. डाव्या डोळ्याची जाडी २८६ वर आली, गज सरळ झाले. गेल्या महिन्यात मात्र उजव्यातही थोडी सूज निघाली. बिलिंगच्या खिडकीवर मी कागद मागून घेतला आणि तिथेच वाचला. आईने विचारलं काय लिहिलंय, तर शेवटचा आकडा दाखवला.

"आता तीन कित्याक गो?"

"दोन्ही डोळे, आई," मी म्हटलं, आणि कागदाचा फोटो काढला.